माझा चारचा आकडा

अक्षर वाईट आहे, त्याची आधीच माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर माझं लिहिणं म्हणजे वाण्याची यादी आणि गोडाऊनमधल्या चिठ्ठ्या. ही वही कुणाला दाखवायची नाही. पण कधी कुणाच्या हाती लागलीच तर समजावं म्हणून सगळं सविस्तर लिहिते. गोडाऊनचं काम बाहेरच्या माणसाला माहीत नसतं.

दिवाळीनंतरच्या सोमवारी भिंतीवरच्या टीव्हीवर माझं नाव लाल रंगात होतं.

हा टीव्ही सिनेमे बघायचा नाही. भिवंडीजवळ पूर्ण्याच्या आमच्या गोडाऊनमध्ये प्रत्येक सेक्शनला एक आहे. त्यावर दिवसभर रिपोर्ट चालतो. कुणी किती पोती उघडली, किती माल तपासला, किती कमी भरला. कमी भरला त्याला शॉर्ट म्हणतात. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण आय-कार्डवरचं माझं नाव कसं दिसतं ते पाठ आहे. आणि इंग्रजी आकडे सगळ्यांनाच कळतात, नोटांवर असतात, रिक्षावर असतात. माझ्या नावापुढे 48 होतं. बाकी सगळ्यांची नावं हिरवी.

मला वाटलं काहीतरी चांगलं असेल. महिन्याचं सगळ्यात जास्त काम वगैरे. मी शेजारच्या मंगलकडे बघून हसलेसुद्धा. ती हसली नाही.

मी रिटर्न सेक्शनला आहे. लोक घरबसल्या चादरी, पडदे मागवतात, आवडलं नाही की परत पाठवतात. तो माल पोत्यातून आमच्याकडे येतो. पोतं कापायचं, एकेक नग उलगडून बघायचा, डाग, भोक, केस, सगळं. चांगला असेल तर परत घडी घालून बारकोडवर मशीन टेकवायची. टिक वाजलं की तो नग कॉम्प्युटरात गेला. पण बऱ्याच नगांचा बारकोड फाटलेला असतो. ते वेगळे एका प्लास्टिकच्या क्रेटमध्ये भरायचे. क्रेटमध्ये जास्तीत जास्त नऊ नग मावतात. किती भरले ते चिठ्ठीवर लिहायचं, खाली आपलं नाव लिहायचं आणि चिठ्ठी क्रेटला टेपने चिकटवायची. पुढे ऑपरेटर चिठ्ठी बघून आकडा कॉम्प्युटरात टाकते. मग क्रेट टॅगिंगला जातो, तिथे प्रत्येक नगाला नवा बारकोड लागतो आणि तिथे मशीनच मोजते. चिठ्ठीवर आठ आणि मशीनला चार सापडले, तर चार शॉर्ट. ते ज्याची चिठ्ठी त्याच्या नावावर.

साठे साहेब आमच्या सेक्शनचे इन्चार्ज. त्यांनी केबिनमध्ये बोलावलं.

"वनिताबाई, अठ्ठेचाळीस नग. एका महिन्यात."

मी खाली बघत उभी राहिले. मला साहेबांसमोर बोलता येत नाही. नुसत्या साहेबांसमोरच असं नाही, कुणासमोरच.

"कुठे गेले?"

"मी बरोबर भरले होते साहेब."

"मग क्रेटला पाय फुटले का?"

मी आय-कार्डची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

"हे बघा, मी तुम्हाला चोर म्हणत नाही. रिपोर्ट काय म्हणतो ते सांगतोय. हा रिपोर्ट वर हेड ऑफिसला पण याच क्षणी दिसतो. तिकडे बसलेला माणूस मला विचारतो, साठे, ही लाल लाईन कसली? मी काय सांगू? बाई स्वभावाने चांगली आहे?"

एका नगाचे अडीचशे धरले. बारा हजार झाले. आमचा पगार ज्याच्याकडून येतो त्या कॉन्ट्रॅक्टरने ठरवलं की सहा महिने दोन-दोन हजार कापायचे. आणि मला चिठ्ठीच्या कामावरून काढून पोती कापायला बसवलं. ते टेबल शटरच्या पलीकडे, कोपऱ्यात आहे. पुन्हा एकदा नाव लाल झालं तर कामावरून बंद, असंही साहेब म्हणाले.

दोन हजार म्हणजे माझा गॅस, लाईट आणि महिन्याचा किराणा. मी शेलार गावात एकटी राहते. मालक जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन कोनला गेली. मुलीला काही सांगितलं नाही. सासरच्या माणसांत अशी गोष्ट गेली की तिला आयुष्यभर ऐकावं लागलं असतं. दूध बंद केलं, एवढंच.

खरं म्हणजे पैशापेक्षा जेवणाची सुट्टी जड जायची.

मी आणि मंगल सहा वर्षं एका जागी जेवलो. सुकट मी आणायची आणि ती निम्मी तिच्या भाकरीवर जायची. टीव्हीवर नाव आलं त्या दिवशी मी डबा उघडला तर ती म्हणाली, "आज माजा उपास हाय गो."

सोमवार होता, म्हणून मी खरं मानलं. मंगळवारी पण उपास होता. बुधवारी ती पाण्याच्या टाकीजवळ दुसऱ्या बायकांत बसली आणि पोटभर जेवली.

टाकीजवळून बोलणं ऐकू यायचं. मुद्दाम मोठ्याने बोलायच्या.

"डबल बेडची चादर पिशवीत मावल का गो?"

"घडी कशी घालतेस त्याच्यावर हाय."

"आपल्याला न्हाय बाई जमायची तशी घडी."

मग हसणं. मंगल हसायची का ते मी बघितलं नाही. बघायचं नव्हतं.

माझी डब्याची पिशवी कापडी होती, जुन्या चादरीच्या तुकड्याची, मीच शिवलेली. गेटवर वॉचमन सगळ्यांची पिशवी एकदा बघायचा, माझी दोनदा. "मौसी, फिर से खोलो." मागे बायकांची रांग थांबलेली असायची. दुसऱ्या आठवड्यात मी बाजारातून आरपार दिसणारी प्लास्टिकची पिशवी आणली. तीस रुपये. आत डबा, बाटली, रुमाल. काही उघडायलाच नको.

पुढचा महिना संपला. टीव्हीवर माझी जुनी लाल ओळ तशीच होती, पण नवीन एकही नाव लाल नव्हतं. मला बरं वाटलं, आणि मग लक्षात आलं की हे माझ्यासाठी बरं नाही. मला चिठ्ठीवरून काढलं आणि शॉर्ट थांबलं. आता तर पक्कंच झालं.

त्या दिवशी पोतं कापताना मी स्वतःलाच विचारलं की मीच तर चुकून कुठे टाकले नाहीत ना? मोजायला चुकत होते का? घरी जाऊन तांदळाचे दाणे ताटात टाकून मोजून बघितले. चार चार, पाच पाच. लहान मुलीसारखी. बरोबर येत होते.

ऑपरेटरचं टेबल माझ्या कोपऱ्यापासून दहा पावलांवर होतं. तिथे सानिका बसायची. भिवंडी गावातलीच, बापाची सरकारी नोकरी होती, लग्न झालेलं. दिवाळीच्या आधीच नवीन लागली होती. तिच्या आधी एक वयस्कर बाई होत्या, त्यांची दुसऱ्या गोडाऊनला बदली झाली. सानिका इंग्रजी शाळेत शिकलेली. माझ्याशी कधी वाईट बोलली नाही, पण आमचं कधी काही बोलणंच झालं नव्हतं. तिच्यापर्यंतची ती दहा पावलं जायला मला अकरा दिवस लागले. रोज ठरवायची, आज विचारते. रोज बाटली भरायच्या निमित्ताने तिच्या टेबलापर्यंत जायची आणि बाटली भरून परत यायची. दुसरा हप्ता कापला गेला त्या दिवशी गेले.

"ताई, तो लाल आकडा कशाचा बनलाय, ते दिसतं का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग खुर्ची सरकवून म्हणाली, "बसा ना मावशी."

त्या टेबलाजवळ याआधी कुणी बसायला सांगितल्याचं मला आठवत नाही.

तिने मला जे दाखवलं ते मला समजलं तसं लिहिते. तो रिपोर्ट कुठल्या एका कॉम्प्युटरात नसतो. मोबाईलवर जसं आपण काही उघडून बघतो तसा इंटरनेटवर उघडतो, ज्याला परवानगी आहे त्याला कुठूनही. त्याला प्रश्न विचारायचा असतो. त्या प्रश्नाला क्वेरी म्हणतात. पण प्रश्न तोंडाने नाही विचारायचा, खाने भरायचे. माणूस कोण, महिना कुठला, शॉर्ट की जास्त. त्याला फिल्टर म्हणतात. म्हणजे चाळणीच. जी चाळणी लावाल तेवढंच खाली पडतं, बाकीचं वर राहतं आणि दिसत नाही.

"टीव्हीवर फक्त बेरीज दिसते," सानिका म्हणाली. "पण आकड्यावर क्लिक केलं की त्याच्या आतलं उघडतं. हे बघा."

तिने 48 वर क्लिक केलं. अकरा ओळी उघडल्या. अकरा क्रेट. दोन महिने ज्याच्यामुळे मला झोप नव्हती तो आकडा एवढासा होता.

"ही पहिली उभी रांग म्हणजे चिठ्ठीवरचा आकडा. ही दुसरी म्हणजे टॅगिंगला मशीनने मोजलेला."

मी वाचत गेले. 8 आणि 4. खाली पुन्हा 8 आणि 4. पुन्हा 8 आणि 4. अशा दहा ओळी. एका ओळीत 9 आणि 1.

"ताई, जवळजवळ सगळीकडे आठाचे चारच कसे झाले? सहाचे पाच नाहीत, साताचे तीन नाहीत."

सानिका स्क्रीनजवळ वाकली. "मी हे असं कधी उघडून बघितलंच नव्हतं. रोज बेरीज बघते आणि साहेबांना पाठवते."

"जास्त किती निघाले ते पण दिसतं का?"

हे मी का विचारलं ते मला आजही सांगता येत नाही. पोळ्यांसाठी पीठ चाळलं की मी चाळणीच्या वरचा कोंडा बघते, तेवढंच असेल. सानिकाने शॉर्टची चाळणी काढली. रिपोर्ट उघडला की ती आपोआपच लागलेली असते, कारण जास्त निघालेल्या मालासाठी कुणी ओरडत नाही. आणखी सहा ओळी आल्या. चिठ्ठीवर 4, मशीनला 5. सहाही ठिकाणी एक नग जास्त.

"चोरणारी बाई वर एक ठेवून कशाला जाईल?" सानिका स्वतःशीच म्हणाली. मग तिने एक कागद माझ्यापुढे सरकवला.

"मावशी, चार लिहून दाखवा."

मी लिहिला. ४.

तिने तोंडावर हात ठेवला.

"काय झालं?"

"हा आठ आहे."

"नाही ताई, चार आहे."

"पाच लिहा."

मी लिहिला. ५. ती म्हणाली, "हा मी चार समजते."

एक लिहायला सांगितला. १. त्याला ती नऊ म्हणाली.

आम्ही दोघी त्या कागदाकडे बघत बसलो. आमच्या शाळेत गुरुजींनी हेच आकडे शिकवले. इंग्रजी आकडे मी वाचते, पण हात लिहायला लागला की पाटीवरचेच उमटतात. चिठ्ठ्या लिहिणाऱ्या आम्ही तिघी. मंगल आणि दुसरी, दोघी दहावीपर्यंत गेलेल्या, त्या इंग्रजी लिहितात. आधीच्या ऑपरेटर बाई माझ्यासारख्याच शाळेतल्या, त्यांना कधी अडलं नाही.

"पण मग ७ आणि ८ कसे बरोबर टाकलेत?" मी विचारलं.

"ते वेगळेच दिसायचे ना. कळायचं नाही, म्हणून मी मोबाईलवर बघून घेतले. ४ मला कळला होता. कळला असं वाटलं. मग कशाला विचारू?"

ती रडायला लागली. मला काय करावं ते समजेना. मी माझी पाण्याची बाटली तिच्यापुढे ठेवली.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "साहेब हे मानणार नाहीत. चिठ्ठ्या तर टॅगिंगवाले फाडून टाकतात."

बहुतेक फाडतात. पण क्रेटची कड तुटली की तो क्रेट तसाच मागच्या शेडमध्ये टाकतात. तो पुन्हा वापरात येत नाही, आणि भंगारवाला येईपर्यंत त्याची चिठ्ठी काढायची कुणाला पडलेली नसते. हे मला माहीत होतं, कारण पोती कापणारीच तुटके क्रेट उचलून मागे नेते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी शेडमध्ये गेले. टाकीजवळ नेहमीचं हसणं-खिदळणं चाललं होतं. माझ्यामागून कुणी आलं नाही, कुणी विचारलंही नाही कुठे चाललीस म्हणून. एकटं राहण्याचा तेवढा एक फायदा झाला. छातीएवढ्या उंच थप्प्या होत्या. वरचा क्रेट उतरवायचा, चारी बाजू बघायच्या, खाली ठेवायचा. धूळ नाकातोंडात. तीन दुपारी डबा तसाच परत नेला. तिसऱ्या दुपारपर्यंत माझ्या नावाच्या तीन चिठ्ठ्या मिळाल्या. एकीवर ४, एकीवर ५, एकीवर ३. माझंच अक्षर. त्या धुळीत मला ते बघून इतकं बरं वाटलं, जसं ओळखीचं कुणी भेटलं.

प्रत्येक क्रेटवर त्याचा स्वतःचाही एक बारकोड असतो. सानिकाने तिन्ही क्रेटचे ते बारकोड मशीनला टेकवले. कॉम्प्युटरने त्यांचा इतिहास दाखवला. ४ होता तिथे 8 टाकलेला. ५ होता तिथे 4. आणि ३ होता तिथे 3, कारण तीन दोन्हीकडे तीनच दिसतो.

मग तिने माउसवरचा हात काढून घेतला. मी ओळखलं. चूक माझ्या नावावरून उठून आता तिच्या नावावर बसणार होती.

"मावशी, माझ्या पगारातून कापतील का हो?"

मला माहीत नव्हतं. मी म्हणाले असते की जाऊ दे, तर ती कदाचित थांबली असती. मी तसं म्हणाले नाही, हे इथे खरं लिहून ठेवते. तीच उठली, क्रेट उचलले आणि म्हणाली, "चला."

साठे साहेबांनी चिठ्ठ्या बघितल्या, स्क्रीन बघितला, पुन्हा चिठ्ठ्या बघितल्या. मग कपाळाला हात लावला.

"वनिताबाई, इंग्रजीत का नाही लिहिलंत?"

"कुणी सांगितलं नव्हतं."

"आणि सानिका, तुला मराठी आकडे येत नाहीत? मराठी ना तू?"

"शाळेत नव्हते सर."

"कमाल आहे. एकीला हे येत नाही, एकीला ते येत नाही, आणि मी वरती मेल पाठवतोय की बाई चोर आहे." त्यांनी खुर्ची फिरवली. "आता हेड ऑफिसला काय लिहू? एन्ट्री मिस्टेक. मग ते म्हणतील रिकव्हरी ऑपरेटरकडून करा. बारा हजार."

सानिकाचा चेहरा पांढरा पडला. तेव्हा मी बोलले. आवाज माझाच होता का, ते मला कळलं नाही.

"साहेब, माल हरवलाच नाही. जेवढा भरला तेवढाच पुढे गेला. मग कापायचं कुणाकडून आणि कशाचं?"

साहेबांनी कीबोर्ड जवळ ओढला.

"हे बरोबर आहे," साहेब म्हणाले. "पुन्हा सांगा, मी लिहून घेतो."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी ते इंग्रजीत करून मेलमध्ये टाकलं.

त्याच संध्याकाळी टीव्हीवर माझं नाव हिरवं झालं. कुणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही. लाल लगेच दिसतं, हिरवी नावं तर सगळीच असतात. सेक्शनमध्ये नोटीस लागली की चिठ्ठीवर इंग्रजी आकडेच लिहावेत, आणि खाली आम्हा तिघींच्या सह्या. मला चिठ्ठीच्या टेबलावर परत घेतलं. वॉचमन आता माझी पिशवी बघत नाही. मी मात्र तीच आरपार पिशवी आणते.

आठवड्याने मंगल डबा घेऊन आली आणि शेजारी बसली.

"सुकट न्हाय आणलीस?"

"आणलीय."

मी डबा पुढे केला. तिने घेतली. "मला वाटलंच व्हतं, तू तशी न्हायस," ती म्हणाली. आता ती रोज माझ्याजवळ बसते. आम्ही जेवतो, पाऊसपाण्याचं बोलतो, उठतो. पूर्वीही एवढंच बोलायचो. तेव्हा ते कमी वाटत नव्हतं.

सानिकाच्या पगारातून काही कापलं नाही, पण उन्हाळ्यात तिला ठाण्याला दुसरी नोकरी लागली. जायच्या दिवशी तिने मला टेबलाजवळ बोलावलं आणि कागदावर एक ते दहा मराठी आकडे घडाघड लिहून दाखवले. तिचा ४ माझ्यापेक्षा चांगला आला. तो कागद या वहीत ठेवला आहे. तिच्या जागी आता दुसरी कुणी बसते. तिने मला अजून कधी बसायला सांगितलेलं नाही.

पैशाला वेळ लागला. वरून कापणं थांबवायला सांगेपर्यंत तिसरा हप्ताही कापला गेला होता, म्हणजे एकूण सहा हजार. हेड ऑफिस म्हणायचं कॉन्ट्रॅक्टर देईल, कॉन्ट्रॅक्टर म्हणायचा हेड ऑफिसकडून आले की देतो. साठे साहेब मला बघितलं की, "फॉलोअप चालू आहे," म्हणायचे. पहिले दोन हजार होळीला आले. दुसरे, सानिका गेली त्या महिन्यात. मी दर महिन्याला पगाराच्या दिवशी केबिनच्या दाराशी जाऊन उभी राहायची. काही बोलायची नाही, नुसती उभी राहायची. साहेबांना तेवढं कळायचं.

चिठ्ठीवर मी आता 4 लिहिते. सावकाश काढावा लागतो, जसं दुसऱ्याचं नाव लिहावं. आणि ऑपरेटरने आकडा टाकला की एकदा विचारते, ताई, किती टाकलात? ती वैतागते. वैतागू दे. पुढच्या माणसाला कळलं की नाही, हे तोंडाने विचारल्याशिवाय कळत नाही, आणि ते मी वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी शिकले.

या वहीत मात्र माझेच आकडे. आज मोबाईलवर बँकेचा मेसेज आला, त्यातला आकडा मी दोनदा वाचला आणि मग इथे हिशोब लिहिला: आधीचे ४,०००, आज आलेले २,०००. एकूण ६,०००. पूर्ण मिळाले.